अलीला हरवले म्हणून नव्हे, तरीही लॅरी होम्स थोरच

थकलेल्या अलीला बडवून नाव कमावणारा आणि तरुण टायसनपुढे पुरत्या चार फेऱ्याही न टिकलेला हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड गटातला, मुष्टियोद्धा लॅरी होम्स थोर कसा ठरतो, असा आपला प्रश्न आहे. दोन्ही लढतींची माहिती बरोबर आहे. माझा आक्षेप आहे तो पंच्याहत्तर लढतींच्या कारकिर्दीतून नेमक्या या दोनच तराजूत घालण्याला.

आधी अलीची लढत बाजूला काढू. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास वेगासमध्ये होम्ससमोर उभा राहिलेला अली ३८ वर्षांचा होता, दोन वर्षे रिंगणात उतरलेला नव्हता, आणि लढतीआधी घेतलेल्या थायरॉइडच्या गोळ्यांनी त्याच्या अंगातले उरलेसुरले त्राणही गेले होते. दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली. होम्स उमेदवारीच्या काळात अलीचाच सरावातला जोडीदार होता, आणि ही लढत जिंकल्यावर तो रडला. हा विजय त्याच्या जमेस धरू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मग तो त्याच्या नावे खर्चीही टाकू नये. टायसनशी तो लढला जानेवारी १९८८ मध्ये, तेव्हा तोही ३८ वर्षांचाच होता आणि जवळपास दोन वर्षांनी परतत होता. वयाची जी सवलत आपण अलीला देतो, तीच होम्सला नाकारायची, हा न्याय मला पटत नाही.

थोरवी तपासायची तर ती खेळाडूच्या भरातल्या वर्षांत, आणि त्यातही त्याचे कसब अपुरे पडले त्या क्षणी तपासावी, असे मला वाटते. होम्सच्या बाबतीत असे दोन क्षण ठळक आहेत. पहिला ९ जून १९७८ चा, तेव्हाचा जगज्जेता केन नॉर्टन याच्याविरुद्धचा. होम्सच्या डाव्या दंडाचा स्नायू सरावात दुखावला होता, आणि त्याचा सगळा खेळ तर त्या डाव्या हाताच्या जॅबवर, म्हणजे सरळ झटपट ठोशावर, उभा. चौदा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही परीक्षकांच्या कागदावर दोघे बरोबरीत होते, म्हणजे जगज्जेतेपद उरलेल्या तीन मिनिटांवर आले होते. ती पंधरावी फेरी आवाज बंद करून पाहावी, कारण समालोचकांचा आरडाओरडा डोळ्यांना फसवतो. अंतर राखून लढणारा हा माणूस त्या फेरीत जागेवर उभा राहून ठोशाला ठोसा देतो, काही जबरदस्त फटके खातो, आणि शेवटच्या क्षणांत नॉर्टनचे पाय लटपटलेले दिसतात. दोन परीक्षकांनी होम्सला १४३-१४२ असे पुढे ठेवले, तिसऱ्याने त्याच आकड्यांनी नॉर्टनला. एका गुणाने मिळालेले जेतेपद त्याने पुढे सात वर्षे सांभाळले.

दुसरा क्षण सप्टेंबर १९७९ चा, अर्नी शेव्हर्सविरुद्धचा. शेव्हर्सच्या उजव्या हाताची धास्ती त्या पिढीतल्या प्रत्येक हेवीवेटला होती. सातव्या फेरीत तोच हात होम्सच्या जबड्यावर बसला आणि होम्स पाठीवर आडवा झाला. असा फटका खाल्लेला माणूस सहसा उठत नाही, आणि उठला तरी पाय साथ देत नाहीत. होम्स मोजणी संपण्याआधी उठला, मिठ्या मारत, दोरांवर रेलत त्याने फेरी काढली, नंतर पुन्हा जॅब सुरू केला आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सलाच थांबवले.

त्या जॅबबद्दल दोन वाक्ये लिहिल्यावाचून राहवत नाही. होम्स डावा हात बऱ्याचदा छातीपेक्षा खाली ठेवत असे, त्यामुळे ठोसा खालून वर चढत येई आणि समोरच्याला तो उशिरा दिसे. एकामागून एक दोन-तीन जॅब मारताना त्याचा खांदा जेमतेम हललेला दिसतो. हेवीवेटमध्ये याहून चांगला जॅब मी पाहिलेला नाही.

‘त्याचा काळच दुबळा होता’ हा आरोप मात्र सालवारीपुढे टिकत नाही. त्याने हरवलेल्यांपैकी माइक वीव्हर, ट्रेव्हर बर्बिक, टिम विदरस्पून आणि ‘बोनक्रशर’ स्मिथ हे चौघेही त्याच्याकडून हरल्यानंतर कोणत्या ना कोणत्या संघटनेचे जगज्जेते झाले. जून १९८२ मध्ये तोवर अपराजित असलेल्या गेरी कूनीला त्याने तेराव्या फेरीत संपवले, तेही अशा रात्री, जेव्हा गोऱ्या आव्हानवीराच्या कौतुकात जगज्जेत्याचे नाव शेवटी पुकारण्याचा रिवाज मोडून ते आधी पुकारले गेले. जेतेपद सलग वीस वेळा राखणाऱ्या होम्सच्या पुढे या वजनगटात एकटा ‘जो लुईस’ आहे; त्याने ते २५ वेळा राखले.

आपल्या बाजूचा खरा भक्कम मुद्दा वेगळाच आहे, आणि तो आपण मांडला नाही याचे मला थोडे आश्चर्य वाटले. १९८३ नंतर होम्सने वाट सोपी करून घेतली. आव्हानवीर ग्रेग पेजशी लढण्याऐवजी त्याने डब्ल्यूबीसी या संघटनेचा पट्टा, म्हणजे जेतेपद, सोडले आणि नव्याने उभ्या राहत असलेल्या आयबीएफ या संघटनेची मान्यता घेतली. जेमतेम दहा लढतींचा अनुभव असलेल्या मार्व्हिस फ्रेझरला त्याने पहिल्याच फेरीत गारद केले, पण अशा विजयाला किती किंमत द्यायची? डब्ल्यूबीए या आणखी एका संघटनेचा जेता गेरी कोएत्झी याच्याशी ठरलेली लढत पैशांच्या जुळवाजुळवीत बारगळली. कार्ल विल्यम्सविरुद्ध १९८५ मध्ये मिळालेला निकाल आजही अनेकांना पटत नाही. ही वर्षे मी त्याच्या नावे उणीच मांडतो, आणि म्हणूनच त्याला लुईस व अली यांच्या रांगेत बसवत नाही.

त्याला उणे ठरवण्यात त्याच्या जिभेचाही हात आहे. २१ सप्टेंबर १९८५ रोजी, म्हणजे अपराजित निवृत्त झालेला जुना हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो याच्या अखेरच्या लढतीला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, ४८ विजय आणि एकही पराभव नाही अशा हिशेबाने तो मायकेल स्पिंक्ससमोर उतरला आणि गुणांवर हरला. मार्सियानोच्या ४९ विजयांशी बरोबरी हुकल्याच्या रागात तो त्या दिवंगत जेत्याबद्दल जे बोलला, ते लोकांनी पुष्कळ वर्षे विसरले नाही. ते बोलणे गैरच होते. पण जॅबचा दर्जा त्याने घटत नाही.

टायसनची चित्रफीत आपण पाहिलीच आहे, आता फेब्रुवारी १९९२ ची रे मर्सरविरुद्धची लढतही पाहावी. मर्सर ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता, अपराजित आणि राक्षसी ताकदीचा. होम्स ४२ वर्षांचा, पोट सुटलेला. तो कोपऱ्यात पाठ टेकून उभा राहतो, मर्सरला हाताने जवळ बोलावतो, आणि तो आला की नेमक्या वेळी उजवा हात सोडतो. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांनी होम्सच्या बाजूने कौल दिला.