हॅबिलिटेशन, रुफ आणि फिशर यांची वाटचाल

जर्मनीत हॅबिलिटेशन म्हणजे दुसरी पीएचडी का, आणि ती झाली की प्राध्यापकपद मिळतं का, असं तुम्ही विचारलंय. दोन्हींचं उत्तर नाही. हॅबिलिटेशन म्हणजे डॉक्टरेटनंतरची अध्यापनाची पात्रता; तिच्यामुळे आपला विषय स्वतंत्रपणे शिकवण्याचा अधिकार मिळतो. पगार, जागा, प्रयोगशाळा यातलं काहीच त्यासोबत येत नाही. त्यासाठी 'रुफ' लागतो, म्हणजे विद्यापीठाचं रीतसर बोलावणं.

म्युनिकचे अकार्बनी रसायनशास्त्रज्ञ अर्न्स्ट ओटो फिशर यांची वाटचाल पाहा. १९४९ साली डिप्लोम (डॉक्टरेटआधीची पदवी), १९५२ साली वाल्टर हीबर यांच्याकडे डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता डायथायोनाइट या क्षपणकाच्या सान्निध्यात निकेलचे क्षार आणि कार्बन मोनॉक्साइड. १९५४च्या हॅबिलिटेशनचा विषय मात्र वेगळा, सायक्लोपेंटाडाइन आणि इंडीन यांची धातुसंयुगं. खरी मेख इथेच आहे. गुरूंचाच विषय लांबवला तर स्वतःचं काम कुठलं, हे समितीला दिसत नाही.

विषय बदलला तरी हातातली विद्या कामी येते. १९५५ साली फिशर आणि त्यांचे विद्यार्थी वाल्टर हाफनर यांनी डायबेंझीन क्रोमियम (दोन बेंझीन कड्यांच्या मधोमध क्रोमियमचा अणू) बनवलं. निर्जल क्रोमियम ट्रायक्लोराइडचे ३ मोल, अॅल्युमिनियम पावडरचे २, अॅल्युमिनियम क्लोराइडचा १ आणि बेंझीनचे किमान ६, हे बंद नळीत तापवायचं. पिवळा धनायन तयार होतो, आणि त्याचं क्षपण करायला पुन्हा तेच डायथायोनाइट, अल्कधर्मी द्रावणात. ओल राहिली तर अॅल्युमिनियम क्लोराइड वाया जातं. काळपट-तपकिरी स्फटिकांना हवा लागली की ऑक्सिडीकरण होऊन परत धनायन.

आता पदांकडे. १९५५ साली ते म्युनिकच्याच टेक्निशे होखशूलेत, म्हणजे तांत्रिक विद्यापीठात, अध्यापक झाले आणि १९५७ साली म्युनिक विद्यापीठात प्राध्यापक. येना विद्यापीठाचा रुफ नाकारल्यावर १९५९ साली त्याच विद्यापीठात वरचं पद मिळालं. १९६०मध्ये मारबुर्गलाही नकार दिला. १९६४ साली हीबर यांची रिकामी झालेली खुर्ची घेऊन ते होखशूलेत परतले. नोबेल त्यानंतर, १९७३ साली, जेफ्री विल्किन्सन यांच्यासोबत विभागून. जर्मनीत नाकारलेला रुफसुद्धा कामाला येतो. दुसरीकडचं बोलावणं हातात असलं की आपलं विद्यापीठ थांबवून घेण्यासाठी वाटाघाटीला बसतं.

आज हॅबिलिटेशन हा एकमेव रस्ता नाही. २००२पासून ज्युनिअर प्रोफेसरशिप आहे. साधारण ६ वर्षांची, मध्ये मूल्यमापन. पण घड्याळाकडे लक्ष ठेवा. विद्यापीठाच्या पैशावरची मुदतीची नोकरी डॉक्टरेटनंतर साधारणपणे ६ वर्षंच करता येते, आणि हॅबिलिटेशन रेंगाळलं की माणूस इथेच अडकतो. शिवाय आहे त्याच विद्यापीठात थेट वर चढवणं सहसा टाळलं जातं, म्हणून अर्ज बाहेरच करा.

रुफ आला तर लगेच होकार कळवू नका. ग्लोव्हबॉक्स (हवाबंद कामाची पेटी), फ्यूमहूड (वायू बाहेर ओढणारं कपाट), सहायकांची पदं, तंत्रज्ञ, दरसालचा निधी, सगळं आधी लेखी घ्या. होकार दिल्यावर मागायला हातात काही उरत नाही.