कुमासीला जाशील तेव्हा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी बदली घानात झाली, मुक्काम कुमासीत आहे, हे वाचून फार आनंद झाला. औषधांचं, पाण्याचं, राहण्याचं तुझे ऑफिसवाले सांगतीलच. मला सांगायचं आहे ते तिथल्या एका वस्तुसंग्रहालयाबद्दल.

आधी एक नाव नीट बसव. कुमासीच्या मूळ लोकांना आपण ‘अशांती’ लिहितो आणि मराठी कानाला भलताच अर्थ ऐकू येतो. ती माणसं स्वतःला ‘असांते’ म्हणवतात. तूही तसंच म्हण.

असांतेंच्या राजाच्या मानह्या राजवाड्याच्या आवारातल्या जुन्या दुमजली घरात १९९५ पासून हे संग्रहालय आहे. तिकीट काढलंस की लगेच आत शिरू नकोस, आधी ते घर बघ. राजा प्रेम्पे पहिला याला इंग्रजांनी १८९६ मध्ये पकडून नेलं, पुढे सेशेल्स बेटांवर ठेवलं आणि १९२४ मध्ये परत येऊ दिलं. अठ्ठावीस वर्षं! मी रत्नागिरीचा, थिबा पॅलेस बघत वाढलेला. इंग्रजांनी तिथे आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या नशिबी परतणं नव्हतं, १९१६ मध्ये तो आमच्याच गावी वारला. म्हणून प्रेम्पे घरी पोचला हे वाचताना आजही माझा गळा दाटून येतो. त्याच्यासाठी इंग्रजांनी हे घर बांधलं. असांतेंचा मूळ राजवाडा १८७४ मध्ये लुटून सुरुंगाने उडवला होता तोही इंग्रजांच्याच फौजेने. असांते लोकांनी हे घर भेट म्हणून घेतलं नाही. बांधकामाचे पैसे चुकते केले, मगच राजा तिथे राहायला गेला.

आत राजांचे आणि राजमातांचे पुरुषभर उंचीचे पुतळे आहेत. एजिसूची राजमाता ‘या असांतेवा’ (‘या’ हे तिच्या नावातलंच) हिच्यापाशी थांब. मार्च १९०० मध्ये गव्हर्नर हॉजसनने कुमासीत सरदारांना जमवून सोन्याचं आसन मागितलं, स्वतःला बसायला. त्या आसनावर असांतेंचा राजाही बसत नाही. साऱ्या जमातीचा आत्मा त्यात आहे असं ते मानतात. या बाईने लढाई उभी केली आणि हॉजसनला त्याच्याच किल्ल्यात कोंडलं. अखेर ती हरली, पकडली गेली आणि १९२१ मध्ये सेशेल्सलाच वारली. आसन मात्र इंग्रजांच्या हाती लागलं नाही.

आता सोन्याकडे ये. राजाच्या आत्म्याची शुद्धी करणारे सेवक गळ्यात सोन्याची गोल चकती घालत. पातळ पत्रा, मध्यभागी फुगवटा आणि भोवती ठोकून उठवलेली नक्षी. अशा वस्तू १८७४ च्या लुटीत लंडनला गेल्या, तिथे लिलावात विकल्या गेल्या. २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांनी ३२ वस्तू कुमासीला पाठवल्या, त्या तीन वर्षांच्या बोलीवर, उसन्या. त्याच वर्षी याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून वाघनखं साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांसाठीच. ती वाघनखं महाराजांचीच का, यावर वाद आहे. असांतेंचं सोनं कुणाचं, यावर वाद नाही. तरीही उसनं! मला हे मनापासून खटकतं. लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमने त्याच वर्षी फेब्रुवारीत सात वस्तू कायमच्या परत केल्या, म्हणजे द्यायचं म्हटलं तर देता येतं. प्रत्येक वस्तूखालची पाटी पूर्ण वाच. ‘उसनी’ आणि ‘परत केलेली’ हे दोन शब्द वेगळे टिपून घे.

दुसऱ्या दिवशी कुमासीचा किल्ला बघ, हॉजसन अडकला होता तोच. तिथे आता लष्करी संग्रहालय आहे. फार वेळ लागणार नाही. पण क्रम बदलू नकोस, आधी मानह्या.

दर बेचाळीस दिवसांनी एका रविवारी राजवाड्यात ‘अक्वासिडाए’चा सोहळा असतो, राजा दरबार भरवतो. तारीख विचारून ठेव आणि त्या दिवशी सुट्टीच्या कपड्यांत जाऊ नकोस.

तू पाट्यांवरून काय टिपलंस ते मला सविस्तर कळव. वाट बघतो.

तुझा,
काका