तारीख एक, दिवस निराळे

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर मी रोज दिनविशेष लिहितो. २३ एप्रिलला ‘शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस यांचे १६१६ साली एकाच दिवशी निधन, म्हणून आज जागतिक पुस्तक दिन’ असे लिहिले होते. एका सभासदाने ते चूक असल्याचे सांगितले. मी पाहिलेल्या दोन कोशांत मात्र इंग्रज नाटककार शेक्सपिअर आणि स्पॅनिश कादंबरीकार सर्व्हांतेस या दोघांच्याही नावापुढे हीच तारीख आहे. चूक नेमकी कोठे आहे आणि फळ्यावर काय लिहावे?

उत्तर : कोशांतील तारीख निराधार नाही आणि आपल्या सभासदाचेही बरोबर आहे. चूक आहे ती ‘एकाच दिवशी’ या दोन शब्दांत.

इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधील शेक्सपिअरच्या स्मारकशिळेवर मृत्यूचे वर्ष १६१६ आणि तारीख २३ एप्रिल स्पष्ट कोरलेली आहे. परंतु ही तारीख तेव्हा इंग्लंडमध्ये चालू असलेल्या जुन्या, म्हणजे ज्युलियन कॅलेंडरची आहे. त्या कॅलेंडरचे वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्याने साधारण १२८ वर्षांत एक दिवसाची तफावत पडत असे, आणि सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात (दिवस आणि रात्र समान असण्याचा वसंतातील दिवस) २१ मार्चवरून सरकत ११ मार्चच्या आसपास आला होता. ही तफावत काढून टाकण्यासाठी पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली सुधारणा केली; तेच नवे, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर. स्पेनमध्ये त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या गुरुवारानंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. इंग्लंडने मात्र ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे १६१६ साली हे दोन देश दहा दिवसांच्या अंतराने तारखा लिहीत होते, आणि इंग्लंडमध्ये २३ एप्रिल होता त्या दिवशी स्पेनमध्ये ३ मे होता.

सर्व्हांतेस यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. माद्रिदच्या चर्चच्या नोंदवहीत २३ एप्रिल ही तारीख आहे, पण तो दफनाचा दिवस असावा आणि मृत्यू आदल्या दिवशी, २२ एप्रिलला झाला असावा, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तसे धरल्यास दोघांच्या मृत्यूंमध्ये अकरा दिवसांचे अंतर पडते. शेक्सपिअरची जन्मतारीखही २३ एप्रिल म्हणून सर्रास दिली जाते. वास्तविक नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४ रोजी झालेल्या बाप्तिस्म्याची, आणि जन्मतारीख त्यावरून अंदाजाने ठरवलेली आहे.

मग पुस्तक दिन चुकीच्या पायावर उभा आहे का? मला तसे वाटत नाही. स्पेनमध्ये १९२६ साली पुस्तक दिन सुरू झाला तो ७ ऑक्टोबरला. १९३० साली तो २३ एप्रिलला आणला गेला आणि पुढे १९९५ साली युनेस्कोने हीच तारीख जगासाठी जाहीर केली. पाळावयाचा दिवस हा माणसांनी एकत्र येऊन केलेला संकेत असतो. ब्रिटनमध्ये तर पुस्तक दिनाचा मुख्य कार्यक्रम मार्चच्या पहिल्या गुरुवारी होतो आणि त्यामुळे कोणाचेही वाचन अडलेले नाही. जन्ममृत्यूची नोंद मात्र घडलेल्या गोष्टीची नोंद असते, म्हणून तिथे काटेकोर राहिलेच पाहिजे.

खरोखर एकाच दिवसाचा योग आपल्याला हवा असेल तर तोही याच तारखेला आहे, आणि फळ्यांवर तो क्वचितच दिसतो याची मला खंत वाटते. पुंज (क्वांटम) सिद्धांताचा पाया घालणारे भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई, या दोघांचाही जन्म २३ एप्रिल १८५८ चा. दोन्ही तारखा ग्रेगोरियन कॅलेंडरच्याच असल्याने येथे ‘एकाच दिवशी’ असे निःशंकपणे लिहिता येते.

रशियातील जन्मतारखा तपासताना अधिक सावध राहावे, कारण तेथे जुने कॅलेंडर १९१८ पर्यंत चालू होते आणि दोन कॅलेंडरांमधील अंतरही वाढत गेले. १९०० हे वर्ष ज्युलियन गणनेत लीप वर्ष होते आणि ग्रेगोरियन गणनेत नव्हते, त्यामुळे बारा दिवसांचे अंतर तेरा झाले. कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह यांचा जन्म १८९९ साली जुन्या कॅलेंडरच्या १० एप्रिलला, म्हणजे नव्या कॅलेंडरच्या २२ एप्रिलला झाला. पण विसाव्या शतकात त्यांचा वाढदिवस २३ एप्रिलला पडू लागला, आणि ते स्वतःही हीच तारीख मानत.

आपल्या फळ्यासाठी माझी सूचना अशी : ‘१६१६ : विल्यम शेक्सपिअर यांचे निधन (जुन्या कॅलेंडरनुसार)’ आणि त्याखाली स्वतंत्र ओळीत ‘१६१६ : मिगेल दे सर्व्हांतेस यांचा दफनविधी (नव्या कॅलेंडरनुसार)’. पुस्तक दिनाची ओळ वेगळी असू द्यावी आणि तिच्यात ‘म्हणून’ हा शब्द नसावा. कंसातल्या दोन शब्दांना फळ्यावर फारशी जागा लागत नाही, आणि पुढच्या वर्षी हाच प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला तर त्याचे उत्तर तिथेच लिहिलेले असेल.