कायदा वाईट आहे, एवढं पुरत नाही

प्रश्न : विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात आहे. घटनात्मक खटल्यांतच वकिली करायची आहे. पण मराठा आरक्षणाचा २०१८चा कायदा उच्च न्यायालयात टिकला आणि सर्वोच्च न्यायालयात पडला. हे न्यायमूर्तींच्या मतावरच असतं का? तयारी कशाची करू?

उत्तर : दोन्हीकडे कसोटी एकच होती. इंद्रा साहनी खटल्यातली (१९९२) आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडायला असाधारण परिस्थिती लागते. ती उच्च न्यायालयाला मराठा समाजाचं मागासलेपण तपासणाऱ्या गायकवाड आयोगाच्या अहवालात दिसली. सर्वोच्च न्यायालयाला ५ मे २०२१ रोजी त्याच अहवालात दिसली नाही. भांडण आकडेवारीचं होतं. म्हणून भाषणाआधी तक्ते आणि प्रतिज्ञापत्रं वाचायला शीक.

कायदा चांगला की वाईट, हे न्यायालय पाहत नाही. तो वैध आहे असंच आधी धरलं जातं. उलट सिद्ध करायचं ओझं याचिकाकर्त्यावर. पहिला प्रश्न, हा विषय सातव्या अनुसूचीनुसार (केंद्र आणि राज्यांतली विषयांची वाटणी) त्या विधिमंडळाचा आहे का? मग अनुच्छेद १३ : मूलभूत हक्काला बाधा येते का? बाधा दिसली की समर्थन सरकारला करावं लागतं. महाराष्ट्राची डान्स बारबंदी २०१३ मध्ये इथेच अडली. तारांकित हॉटेलांना सूट आणि बाकीच्यांना बंदी, या फरकाचं पटण्याजोगं कारण देता आलं नाही. शेवटी, दोष असलेली तरतूद वेगळी काढता येते का? बलसारा खटल्यात (१९५१) मुंबई दारूबंदी कायद्याची काही कलमं गेली, कायदा राहिला. घटनादुरुस्तीला मात्र मूलभूत संरचनेची, म्हणजे घटनेच्या गाभ्याला धक्का लागतो का याची, कसोटी लागते, केशवानंद भारती खटल्यातली (१९७३, ७ विरुद्ध ६ मतांनी).

मूट कोर्टात (विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यात) मुलं इथेच घसरतात : ‘अन्यायकारक’ हा शब्द दहादा, अनुच्छेद एकदाही नाही. आठवड्याला एक निकालपत्र घे. आधी शेवटचा आदेश वाच, मग पीठ किती जणांचं ते बघ. पाच जणांच्या पीठाला नऊ जणांचा निकाल मोडता येत नाही. आव्हान दिलेलं कलम, अनुच्छेद, कसोटी, पुरावा, निष्कर्ष हे एका पानात बसव. अल्पमत, म्हणजे असहमत न्यायमूर्तींचं मत, सोडू नकोस, विरुद्ध बाजूचे उत्तम मुद्दे तिथेच सापडतात.

‘घटनात्मक खटल्यांतच’ मधला ‘च’ सध्या काढ. सनद आणि बार परीक्षेनंतर उच्च न्यायालयात रिट याचिका चालवणाऱ्या वरिष्ठांकडे जा. तिथे बहुतेक काम नोकरी, प्रवेश आणि भूसंपादनाचं असतं, आणि अनुच्छेद १४ (समानतेचा हक्क) रोज हाताळायला मिळतो. सर्वोच्च न्यायालयात स्वतःच्या नावाने प्रकरण दाखल करायचं तर ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड व्हावं लागतं : चार वर्षं वकिली, वर्षभर प्रशिक्षण, मग परीक्षा.