सीएमएलचं (रक्ताच्या एका कर्करोगाचं) नवीन निदान झालेल्या भावासाठी

भाऊ, रिपोर्टात 'बीसीआर-एबीएल पॉझिटिव्ह' वाचून हातपाय गळाले असतील. माझेही गळाले होते. ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून बीसीआर-एबीएल हा नवा जीन बनतो आणि तो पांढऱ्या पेशींना सारखा वाढायचा हुकूम सोडतो. शास्त्रज्ञ जेनेट राउली यांनी १९७३ मध्ये ही अदलाबदल ओळखली. २००१ मध्ये त्या जीनच्या प्रथिनालाच अडवणारी इमॅटिनिब ही गोळी आली. हा बदल जन्मानंतर झालेला असतो, त्यामुळे पोरांना लागेल ही भीती काढून टाक.

गोळी जेवणासोबत घे, वर मोठा ग्लासभर पाणी. वावरात जाताना मी ती पाकिटासकट भाकरीच्या फडक्यात बांधतो. एका वेचणीच्या हंगामात बरं वाटतं म्हणून ढिलाई केली अन् पुढच्या पीसीआरमध्ये (रक्तात तो जीन किती आहे हे मोजणाऱ्या तपासणीत) आकडा चढला. आठवलं की अजून पोटात कालवतं.

डोळ्यांभोवती सूज येते, पायात गोळे येतात. डॉक्टरांना सांग, गोळी स्वतःहून बंद करू नको. दर तीन महिन्यांच्या पीसीआरसाठी मजुरी बुडाली तरी नागपूरची एसटी पकड.

ॲझासायटिडिन या औषधाचं कुणी सांगेल. ते डीएनएवरच्या मिथाइल खुणा (जीन बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) कमी करतं, एएमएल या रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगात देतात. आपला आजार वेगळा.