खेळणं थांबलं की थेट फुटबॉल कोच होता येतं का?

थेट नाही. खेळाडू म्हणून नाव असलं तरी डी, सी, बी, ए, प्रो ही कोचिंग लायसन्सची शिडी चढावी लागतेच. भारताचा माजी खेळाडू खालिद जमीलच बघा: 2009 मध्ये मुंबई एफसीचा कोच, 2017 मध्ये ऐझॉल क्लबला आय-लीग ही देशातली क्लब स्पर्धा जिंकून दिली, पण भारताचा मुख्य कोच व्हायला 2025 उजाडलं.

खरी अडचण वेगळीच. इथे बडोद्यात पोलो ग्राउंडवर पोरांना शिकवायला लागलो, तेव्हा दर पाच मिनिटांनी चेंडू माझ्याच पायात! पोरं कमरेवर हात ठेवून उभी. शेवटी नववीतला एकजण म्हणाला, "सर, आम्ही कधी खेळायचं?" तेव्हापासून बूट घरी ठेवतो, चपला घालून जातो. संघातून कोणाला बसवायचं, ते त्याच्या तोंडावर सांगणं मात्र अजून जमत नाही.