नायिकेचा राग भीती का वाटतो?

तुमचा प्रश्न असा: व्हिडिओ गेमच्या प्लेटेस्टमध्ये (म्हणजे खेळाडूंकडून गेम खेळवून घेतलेल्या चाचणीत) नायिकेचा राग मुलींनी ओळखला, बऱ्याच मुलांना मात्र ती घाबरलेली वाटली, मग पुरुष खेळाडूंसाठी भाव भडक करायचे का? माझ्या मते अजिबात नको.

बायका चेहरा जरा बरा वाचतात, हे खरंच आहे. पण 'जरा' म्हणजे किती? थॉम्पसन आणि व्हॉयर यांनी २०१४ मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा फरक इतकाच निघाला की एक बाई आणि एक पुरुष अशा १०० जोड्या घेतल्या तर साधारण ५५ जोड्यांत बाई सरस. तुमच्याकडे पंधरा-वीस टेस्टर असतील, तर त्या आकड्यावरून काहीच ठरवू नका.

बघणाऱ्यापेक्षा पात्राचं लिंग जास्त घोळ घालतं. १९७६ मध्ये काँड्री दांपत्याने २०४ जणांना एकाच बाळाचा व्हिडिओ दाखवला. डबीतून बाहुला टुणकन उडाल्यावर बाळ बिथरतं. 'मुलगा' सांगितलेल्यांना त्यात राग दिसला, 'मुलगी' सांगितलेल्यांना भीती. तुमची नायिका त्याच पंगतीत बसलीय.

त्यात आपल्या गेम-अ‍ॅनिमेशनच्या धंद्याची एक खोड आहे. एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांच्या फॅक्स (FACS) पद्धतीत, म्हणजे चेहऱ्याच्या हालचालींची नोंद करण्याच्या पद्धतीत, राग आणि भीती यांच्या बऱ्याच हालचाली सारख्याच आहेत: भुवया आकसणं, वरची पापणी उचलणं, खालची ताणणं. भीतीत भुवया वरही जातात आणि ओठ आडवे ताणले जातात. रागात भुवया खालीच राहतात, ओठ आवळले जातात. आता नायिकेचं मॉडेल बघा. टपोरे डोळे आणि मुळातच उंच, कमानदार भुवया (आर्ट डायरेक्टरला 'गोड' हवी असते ना!). नायकाच्या रिगवरचं (चेहरा हलवणाऱ्या सांगाड्यावरचं) भुवई किती खाली आणायची याचं मूल्य जसंच्या तसं तिला लावलं, की भुवई खाली येऊन जेमतेम मधोमध थांबते. डोळे मोठे, भुवई पुरेशी खाली नाही: भीतीच दिसणार.

म्हणून आधी तीच क्लिप नायकाच्या मॉडेलवर चढवून त्याच टेस्टरना दाखवा, क्रम उलटसुलट करून, संगीत बंद ठेवून. पर्याय देऊ नका; 'हिला (किंवा याला) काय होतंय?' एवढंच विचारा. नायकाच्या चेहऱ्यावर मुलांना राग ओळखता आला, तर दोष त्यांच्या नजरेत नाही. मग नायिकेची भुवई आणखी उतरवा, वरची पापणी थोडी मिटा, ओठ आवळा. संवादाला हात लावायची गरज बहुतेक पडणार नाही.